पाण्यातली कॉशन ऑर्डर
(मंडळाच्या कार्यक्रमातील भाषण)



मी काही वक्ता नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि वीस-बावीस वर्षे रुळांच्या देखभालीत गेली. बिलासपूरला आल्यापासून रोज पहाटे धावतो. आता कॉलनीतली कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत.

गेल्या वर्षी गुडघा दुखू लागला. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो. डॉक्टर आपलेच मराठी. म्हणाले, "सहा आठवडे धावणं बंद. पोहा!" (नाश्त्याचा नव्हे.) रूळ चालत तपासणे हे माझे काम. गुडघा गेला तर नोकरीचेच अवघड, म्हणून ऐकले.

दहा किलोमीटर धावणाऱ्याला २५ मीटरचा तलाव तो काय, असे वाटले होते. पहिल्या दिवशी अर्ध्यातच दोरी धरून धापा टाकत होतो आणि शेजारून साठीचे एक गृहस्थ शांतपणे पुढे गेले. दोन आठवडे हेच चालले. एकदा नाकातोंडात पाणी गेले तेव्हा घरी जाहीर केले, "आता बास." सौ. म्हणाली, "जिना उतरताना कठडा धरता, ते बघवत नाही. उद्या जायचं."

गेलो. शिकवणारा पोरगा हसून म्हणाला, "अंकल, आप पानी में भी दौड़ रहे हो!" खरेच होते. धावणाऱ्याचे घोटे ताठ असतात आणि तो गुडघ्यातून लाथा मारतो, त्यामुळे पाय खाली जातात. पाण्याचा रोध साधारण वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग दुप्पट केला तर रोध चौपट! तिथे नुसता जोर चालत नाही. अंग आडवे आणि सैल हवे, पाय कमरेपासून हलवायचे. मी श्वास कोंडून धरत होतो. तो पाण्यात सोडायचा असतो, तोंड बाजूला वळवून फक्त घ्यायचा.

सहा आठवड्यांनी न थांबता आठ फेऱ्या झाल्या. आता तीन दिवस धावतो, दोन दिवस पोहतो. पोहण्यात आजही शेवटचाच असतो, पण कठडा सुटला.

मित्रहो, रुळात दोष दिसला की आपण लगेच कॉशन ऑर्डर काढून गाडीचा वेग कमी करतो. स्वतःचे अंग दुखले तर मात्र लपवतो. तसे करू नका. आणि चाळिशीनंतर नवे शिकताना पोरांसमोर लाजू नका.

एवढे बोलून मी थांबतो. गणपती बाप्पा मोरया!