जुने शिकंजे घेताना

दोन फळ्या सरसाने जोडायच्या म्हटले, की सरस वाळेपर्यंत त्यांना गच्च धरून ठेवणारे काहीतरी हवे. आपले गावचे सुतार हे काम दोर आणि पाचर यांवर भागवीत आले. आजही ते भागते. परंतु शाळेची बाके मुलांच्या हातून दुरुस्त करून घ्यायची, तर लोखंडी शिकंजा, म्हणजे कारागीर ज्याला जी-क्लॅम्प म्हणतात तो, फार सोयीचा. एकाने मात्र काम होत नाही. बाकाच्या साध्या फळीलाही चार-पाच लागतात, आणि नवे तितके घ्यायला शाळेजवळ पैसे कुठले? तेव्हा वाट धरावी ती भंगाराच्या दुकानाची. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार अशा ठिकाणी शोधले, तर शेफील्डच्या ‘रेकॉर्ड’ छापाचा दणकट नगही एखादे वेळी हाती लागतो.

गंज दिसला म्हणून माघारी फिरू नका, गंज निघतो. आधी दांडी बघा. ती वाकलेली असेल, तर कुणीतरी तिच्यात नळी घालून अंगाबाहेर आवळलेले आहे, असे खुशाल समजा. मग स्क्रू अर्धा उघडून हलवा. जरा डुगडुगला तर चालेल, पण खडखडा हलत असेल तर सांगाड्यातले आटे झिजले. ते घरी दुरुस्त होत नाहीत. स्क्रू मिटल्यावर त्याची चकती समोरच्या जबड्यावर मधोमध टेकते का, हेही पाहा. बाजूला गेली तर सांगाडाच पिळवटलेला.

खरी भीती तड्याची. मडके घेताना आपण ते वाजवून घेतोच ना? तसा शिकंजाही दोरीला टांगून वाजवावा. पण सैल स्क्रूमुळेही आवाज बद्द येतो, म्हणून नुसत्या कानावर विसंबू नये. घरी आणल्यावर सांगाडा घासून त्याला रॉकेल किंवा डिझेल चोळा. पाव तासाने कोरडा पुसा आणि वर खडूची बारीक पूड भुरभुरा. तडा असेल तर आत शिरलेले तेल पूड ओढून घेते आणि काळपट रेघ उमटते. रेल्वेच्या कारखान्यांत पूर्वी तेल आणि पांढरी भुकटी वापरून असेच तडे शोधीत. गुरुजी, हा प्रयोग वर्गातच करा. केशाकर्षण शिकवायला याहून चांगले साधन मिळायचे नाही. रेघ उमटली तर तो नग परत भंगारात घाला. बिडाच्या वस्तूला साधे वेल्डिंग टिकत नाही, शेजारी पुन्हा तडकते, आणि आवळताना फुटली तर पोराचा हात सापडतो.

जाम झालेल्या स्क्रूला तेल पाजून रात्रभर ठेवा. उठल्याबरोबर हातोडी मारू नका. मागेपुढे थोडेथोडे फिरवा. सुटे भाग व्हिनेगरमध्ये एक दिवस बुडवले, की गंज तारेच्या ब्रशाने निघतो. नंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून लगेच कोरडे करा, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस होतात. आट्यांना तेलाचा हात द्या. चकतीला मात्र तेल नको, कारण लाकडाला लागलेल्या तेलावर सरस धरत नाही. तिथे मेण घासा, आणि जबड्याखाली लाकडाचा तुकडा ठेवूनच आवळा.