जळक्या तेलाचा वास

पंचज्ञानेंद्रियांत नाकाची गणना होत असली, तरी यंत्राच्या बाबतीत त्याची साक्ष सहसा कोणी काढीत नाही. खडखडाट झाला की कान टवकारले जातात, धूर दिसला की डोळे विस्फारतात. वास मात्र 'रस्त्यावरचा असेल' म्हणून सोडून दिला जातो. वस्तुतः जुन्या मोटारीच्या पुष्कळशा दुखण्यांची पहिली वर्दी नाकालाच मिळते. जळक्या तेलाचा वास ही त्यांपैकीच एक वर्दी होय.

या वर्दीचे महत्त्व बंगळूरच्या उत्तरेकडील येलहंक्याच्या रहिवाशांना निराळे सांगावयास नको. बंगळूर वसविणाऱ्या केम्पेगौडांच्या घराण्याचे हे मूळ गाव. येथील वायुसेनेच्या तळावर १९९६ पासून विमानांचे मोठे प्रदर्शन भरत आले आहे. २३ फेब्रुवारी २०१९ रोजी या प्रदर्शनासाठी आलेल्या प्रेक्षकांच्या मोटारी उभ्या असलेल्या मैदानात आग लागली आणि सुमारे तीनशे मोटारी भस्मसात झाल्या. प्राणहानी झाली नाही, एवढेच सुदैव. वाळलेल्या गवतात पडलेली पेटती सिगारेट आणि त्याच गवताला टेकलेला तापलेला सायलेन्सर, असे दोन तर्क त्या वेळी मांडले गेले. त्यांतील कोणताही खरा असो. मोटारीच्या पोटाखाली केवढी धग असते, याचा विचार त्या दिवशी अनेकांना प्रथमच करावा लागला असेल.

मोठ्या बांध्याच्या, उंच गाड्यांची हौस आपल्याकडे जुनी आहे. १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जुळविली जाऊ लागली. १९९४ मध्ये पुण्याहून टाटा सुमो आली. सुमंत मुळगांवकरांच्या नाव-आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिचे नामकरण झाले. २००२ मध्ये नाशिकची स्कॉर्पिओ आली. अशा गाड्या पंधरा-वीस वर्षे सहज चालतात. परंतु इंजिनाचे लोखंड टिकले, तरी त्याच्या सांध्यांमधील रबर टिकत नाही. हजारो वेळा तापून आणि निवून ते कडक होते, त्याचा लवचिकपणा जातो आणि सांध्यातून तेल पाझरू लागते. कोणत्याही कंपनीची गाडी असो, वार्धक्याचा हा नियम तिला चुकत नाही.

समजा, येलहंका उपनगरात राहणाऱ्या एका गृहस्थाजवळ अशीच वीस वर्षांची डिझेल गाडी आहे. बेल्लारी मार्गाने ती वेगात जात असते तोवर काही जाणवत नाही. हेब्बाळच्या गर्दीत ती खोळंबली की आत जळक्या तेलाचा वास येऊ लागतो. गॅरेजमध्ये कोणी म्हणते, "साहेब, इंजिन उतरवावे लागेल." अशा वेळी त्या गृहस्थापुढे बेताच्या मिळकतीतून मोठा खर्च करावा, गाडी मोडीत काढावी, की वासाकडे काणाडोळा करून मुलाबाळांना तिच्यातून नेत राहावे, हा प्रश्न उभा राहतो. याचे उत्तर धास्तीने द्यावयाचे नसते. ते तपासाने मिळवावयाचे असते.

पहिला प्रश्न असा की, वास तेलाचाच आहे काय? रबर जळल्यासारखा वास पट्टा घसरत असल्याचे सुचवितो. चढावर गिअर बदलताना येणारा करपट वास बहुधा क्लच प्लेटचा असतो. उतारानंतर चाकाशी येणारा वास ब्रेकचा. गोडसर वास आला तर कूलंट गळत आहे असे समजावे. इंजिनाच्या तेलाचा जळका वास जड, तेलकट आणि घशाला लागणारा असतो. गाडी थांबल्यावरच तो का येतो, याचे कारण सोपे आहे. धावत्या गाडीत वारा तो मागे वाहून नेतो. गाडी थांबली की बोनेटखालची तप्त हवा वर चढते, आणि समोरच्या काचेच्या पायथ्याशी असलेल्या झरोक्यातून पंखा तीच हवा आत ओढतो.

दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे: तेल इंजिनाच्या आत जळते, की बाहेर? बराच वेळ उभ्या असलेल्या गाडीला एकदम गती दिल्यावर सायलेन्सरमधून निळसर धुराचा लोट निघाला, तर व्हॉल्व्हची सीले झिजलेली असण्याचा संभव असतो. गाडी ओढताना निळा धूर सतत निघाला, तर पिस्टनच्या रिंगा किंवा टर्बो यांची तपासणी करणे आवश्यक ठरते. मात्र धूर स्वच्छ आणि वास तेवढा तीव्र, असे असेल तर तेल बहुधा बाहेर ठिबकून तप्त भागावर पडत असते. अशा गाडीचे इंजिन उतरविण्याची घाई करू नये.

ठिबक शोधण्यास महागडी साधने लागतातच असे नाही. सपाट जागी इंजिन बंद करून काही मिनिटांनी तेलाची पट्टी पाहावी आणि पातळी टिपून ठेवावी. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरावा. सकाळी त्यावर तपकिरी-काळा थेंब दिसला तर तो इंजिनाच्या तेलाचा, तांबडा असल्यास बहुधा पॉवर स्टिअरिंगचा. स्वच्छ पाणी असेल तर ते वातानुकूलन यंत्राचे, त्याची चिंता नको. नंतर इंजिन पुसून स्वच्छ करावे, दोनतीन दिवस गाडी चालवावी आणि विजेरीच्या प्रकाशात पुन्हा पाहावे. तेल गुरुत्वाकर्षणाने खाली आणि वाऱ्याने मागे पसरते. म्हणून सर्वांत ओला भाग हा गुन्हेगार नसून, सर्वांत वरचा ओला भाग हाच खरा उगम असतो. चेंबर ओला दिसला म्हणून चेंबरचे पॅकिंग बदलावे आणि तेल मात्र वरच्या टॅपेट कव्हरमधून उतरत राहावे, असे अनेकदा घडते. तेलाचा फिल्टर बदलताना जुनी रबरी कडी चिकटून राहिली असेल, तरीही तेथून तेल गळते.

पुष्कळ गाड्यांत उगम या टॅपेट कव्हरच्या पॅकिंगपाशीच सापडतो. तेथून निघालेला थेंब शेजारच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडतो. मोठ्या भाराखाली या भागाचे तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्या पलीकडे जाऊ शकते, आणि इंजिनाच्या तेलाची वाफ सुमारे दोनशे अंशांच्या पुढे ठिणगीने पेट घेऊ शकते. हे आकडे लक्षात घेतले म्हणजे वासाची उपेक्षा का करू नये, हे कळून येते. धूर दाट झाला किंवा ज्वाळा दिसली, तर गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद करावे, सर्वांना दूर उतरवावे आणि बोनेट सताड उघडू नये. आत शिरणारी हवा आगीला बळ देते.

पॅकिंग बदलण्यापूर्वी आणखी एक चौकशी करावयाची असते. पिस्टनच्या बाजूने खाली उतरणारे वायू बाहेर पडावेत म्हणून इंजिनाला ब्रीदर असतो. तो काजळीने तुंबला की आत दाब वाढतो आणि नवे पॅकिंगही तेल अडवू शकत नाही. चालू इंजिनाच्या तेलाचे झाकण उघडल्यावर किंचित वाफ येणे स्वाभाविक आहे. जोराचे फुत्कार येत असतील तर ब्रीदर तुंबला आहे किंवा रिंगा झिजल्या आहेत. ब्रीदर साफ करूनही ते थांबले नाहीत, तर कॉम्प्रेशन मोजून पाहावे. इंजिन उतरविण्याचा सल्ला खरा की उतावळा, हे ते माप सांगते.

प्रत्यक्ष दुरुस्तीत कौशल्यापेक्षा धीर अधिक लागतो. इंजिन थंड होऊ द्यावे. दोन्ही पृष्ठभागांवरील जुने पॅकिंग ओरखडा न उमटविता काढावे. बोल्ट मध्यापासून कडेकडे, आलटूनपालटून आणि कंपनीने सांगितलेल्या मापानेच आवळावेत. जोर लावून आवळल्यास कव्हर तडकते आणि गळती पूर्वीपेक्षा वाढते. मॅनिफोल्डवर साचलेले तेल जळून जाईपर्यंत पुढील काही दिवस वास येत राहतो. तेवढ्यावरून मिस्त्रीला दोष देणे न्यायाचे नव्हे. पुठ्ठा कोरडा राहिला आणि तेलाची पातळी स्थिर राहिली, तर काम साधले असे समजावे.

शेवटी एक सूचना. गाडीतील तेलाचा लाल दिवा सामान्यतः दाब कमी झाल्यावर लागतो. पातळी हळूहळू घटत असताना तो मूकच राहतो. तो लागल्यावर इंजिन तात्काळ बंद करणे एवढेच हाती उरते. म्हणून आठवड्यातून एकदा तेलाची पट्टी पाहावी, आणि हेब्बाळच्या गर्दीत तो जड, करपट वास पुन्हा आला, तर घरी पोहोचल्यावर बोनेट उघडण्यास विसरू नये.