अर्धा खोपा

आवणी उरकली की बदलापूरहून वांगणीकडे जाताना शेताच्या बांधावरच्या शिंदीकडे जरा बघा. झावळ्यांच्या टोकांना सुगरणीचे खोपे लोंबत असतात आणि त्यांत अर्धवट बरेच असतात. लोकांना वाटतं, पावसानं मोडले. तसं नाही. तो अर्धवटपणा मुद्दाम ठेवलेला असतो.

खोपा विणतो नर. या दिवसांत त्याचं डोकं पिवळंधमक असतं. भाताच्या पात्याला तो बुडाशी चोचीनं खाच पाडतो आणि कड धरून उडतो, की लांबलचक धांदोटी सोलून निघते. आधी झावळीला गाठी मारतो, मग उभं कडं तयार करतो. त्या कड्यात पाय रोवून, चोच पोहोचेल तिथवर विणत जातो. एका अंगाला अंड्यांची खोली आकार घेते, दुसऱ्या अंगाला ये-जा करायची वाट. खालून अजून सगळं उघडंच असतं. पट्टा लावलेल्या शिरस्त्राणासारखं ते दिसतं.

इथं तो हात राखतो. पूर्ण खोप्याला साधारण १८ दिवस लागतात, त्यातले इथवर यायला आठेक. आता तो खोप्याला लटकून पंख फडफडवतो, ओरडतो. माद्या येतात, आत शिरून पारख करतात. एकीला पसंत पडला तरच खोली बंद होते आणि खाली नळी उतरते. नापसंत खोपा तसाच लोंबत राहतो. डॉ. सालीम अलींनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळ किहीमला हे सगळं बारकाईनं टिपलं. एक मादी नांदू लागली की नर दुसरा खोपा बांधायला घेतो, हेही त्यांनी दाखवलं.

अर्ध्या खोप्यात आतून ओल्या मातीचे गोळे थापलेले असतात. त्यात काजवे चिकटवून पक्षी दिवा लावतो, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. वाऱ्यात खोपा फार हलू नये म्हणून ही माती असावी, असं काही अभ्यासक मानतात. मला ते पटतं.

उल्हासनगरच्या दाट वस्तीत सुगरणीला जागा कुठली? तिथं शिंपी पक्षी बघा. कुंडीतल्या रुंद पानांच्या कडा टोचून, कोळ्याच्या जाळ्यानं नाहीतर कापसानं शिवून तो त्यात घरटं करतो.

शोभेसाठी खोपे तोडून नेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. हिरवा खोपा म्हणजे चालू काम. पिवळा पडला म्हणून तो रिकामा झाला असं समजू नका. मादी एकटीच दोन आठवडे अंडी उबवते, त्यानंतर पिल्लं आणखी दोन-अडीच आठवडे आत असतात, आणि तोवर गवत केव्हाच वाळलेलं असतं. पिल्लं उडून गेल्यावरही घाई करू नका. जुन्या खोप्यांत पांढऱ्या कंठाची मुनिया संसार थाटते.