दप्तर राखणारांची राखण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



अर्थशास्त्राचा अभ्यासक म्हणून माझी अनेक वर्षे दप्तरखान्यांत गेली. अशाच एका दप्तरखान्यात जमीनमहसुलाचे रुमाल काढून देणारे एक वृद्ध सेवक होते. कोणत्या गावचे कागद कोणत्या फडताळात आहेत, हे ते यादी न पाहता सांगत. त्या धुळीनेच त्यांना दमा जडला. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मी अधिकाऱ्यांचे आभार मानले. त्यांचे नाव घालणे मला सुचले नाही. आजचा विषय निवडताना ती चूक माझ्या मनात आहे.

संकट आले की आपण विचारतो, 'कागद वाचले का?' ३ मार्च २००९ रोजी जर्मनीतील कोलोन शहराच्या अभिलेखागाराची इमारत शेजारच्या भुयारी रेल्वेच्या कामामुळे कोसळली. कर्मचारी व वाचक वेळीच बाहेर पडले. शेजारच्या घरांतील दोन तरुण मात्र मृत्युमुखी पडले. सुमारे तीस किलोमीटर लांबीच्या फळ्यांवरचे दप्तर ढिगाऱ्यात गेले. अग्निशामक दल, अभिलेखपाल आणि स्वयंसेवक यांनी त्यातील बहुतांश बाहेर काढले. दुरुस्तीला मात्र दशके लागणार आहेत. म्हणजे संकट एका दिवसाचे आणि श्रम एका पिढीचे! हे श्रम करणाऱ्यांच्या प्रकृतीचा व मनःस्वास्थ्याचा हिशेब कोणत्या अंदाजपत्रकात मांडायचा?

२०२० च्या महासाथीत हा प्रश्न आणखी उघडा पडला. अमेरिकेत अभिलेखागारांतील कित्येक कामे मुदतबंद करारावर चालतात. टाळेबंदीत ती थांबली. तेव्हा तेथील अभिलेखपालांनी पुढाकार घेऊन आपल्या व्यावसायिक संस्थेच्या प्रतिष्ठानामार्फत साहाय्यनिधी उभारला आणि गरजू सहकाऱ्यांना प्रत्येकी एक हजार डॉलरपर्यंत मदत देऊ केली. ही बंधुता गौरवास्पद आहे. पण मालकाने टाळलेली जबाबदारी सहकाऱ्यांनी वर्गणीतून उचलावी लागते, हे त्या व्यवस्थेचे अपयशही आहे.

कोणी म्हणेल, मूठभर कागदवाल्यांचा हा प्रश्न आपल्या चळवळीचा कसा? १९४८ चा कूळकायदा आठवा. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी कसणारा मालक झाला. पण ज्याची वहिवाट कागदावर नव्हती, त्याला ती सिद्ध करताना किती हाल सोसावे लागले! धरणात घर बुडालेल्याला आपले गाव होते हेसुद्धा कागदानेच सिद्ध करावे लागते. श्रीमंताचा कागद त्याच्या तिजोरीत असतो. गरिबाचा सरकारी दप्तरात. म्हणून दप्तराचा राखणदार हा गरिबाच्या हक्काचाही राखणदार असतो.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. कायमच्या कामाला कायमची नेमणूक; धुळीपासून संरक्षण व नियमित वैद्यकीय तपासणी; आपत्तीच्या काळात पूर्ण वेतन, आणि नंतर सक्तीची नव्हे, हक्काची विश्रांती. कामगार संघटनांनी या विखुरलेल्या सेवकांना आपल्यात सामावून घ्यावे.

तुमच्या तालुक्याच्या अभिलेख कक्षात पुढच्या वेळी जाल तेव्हा उतारा जरूर मागा. पण तो काढून देणाऱ्याला त्याची नोकरी कायम आहे की कंत्राटी, हेही विचारा.