पलंग निवडताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



घरात आजारी माणूस असले की आपण त्याच्या पाठीशी उशांची चळत लावतो. उशा सरकतात, मान दुमडते. म्हणून वर-खाली होणाऱ्या पलंगाविषयी चार शब्द सांगते.

अमेरिकेतील शल्यविशारद डॉ. विलिस गॅच यांनी १९०९ च्या सुमारास तीन भागांचा पलंग तयार केला. त्याची पाठ उचलता येई, तसेच गुडघेही. आजच्या विजेच्या पलंगांचे तत्त्व तेच.

सासूबाईंसाठी पलंग घेताना मी तीन गोष्टी पाहिल्या. पहिली, गुडघ्यांखालचा भाग उचलतो का? नुसती पाठ उचलली तर माणूस पायथ्याकडे घसरतो, माकडहाडावरची कातडी ताणली जाते आणि तेथे जखम होते. म्हणून आधी गुडघे, मग पाठ. दुसरी, उंची बदलते का? उतरताना तळवे जमिनीला टेकले पाहिजेत. अंग पुसताना मात्र पलंग आपल्या कमरेइतका वर हवा. नाही तर शुश्रूषा करणारीच अंथरूण धरील! तिसरी, वीज गेल्यास तो हाताने फिरवता येतो का?

कापसाची घट्ट गादी नीट वाकत नाही, फोमची घ्यावी. शक्यतो महिनाभर भाड्याने आणून पाहावे.

आणि एक. कळ आजाऱ्याच्या हाताशी ठेवा. सासूबाई आता रात्री आपल्या आपण उठून बसतात. कुणाला हाक मारावी लागत नाही, याचेच त्यांना मोठे समाधान आहे.