कुलूप नसलेल्या गावातले कुलूप



दार-कुलपावाचून नांदणारे गाव अशी शनिशिंगणापूरची ख्याती आहे. २०११ मध्ये युको बँकेनेही येथे दाराला कुलूप नसलेली शाखा उघडली. अशा गावाच्या संदर्भात कुलपाविषयी बोलणे विचित्र वाटेल. परंतु शिर्डीहून आणि घोडेगाव फाट्यावरून शनिदर्शनासाठी जी असंख्य वाहने येतात, त्यांतील बहुतेक नव्या वाहनांत एक कुलूप असते. ते डोळ्यांना दिसत नाही आणि त्याची किल्ली रस्त्याकडेच्या मिस्त्रीजवळ नसते. वाहन-कारागिराच्या अवजारांचा खर्च हा आजचा विषय या किल्लीपाशीच येऊन अडतो.

एके काळी गॅरेज उभे राहत असे ते पाने, पक्कड, गोटी पाने, जॅक आणि फीलर गेज यांवर. एकेक वस्तू कमाईतून जोडली जाई. चांगला पाना गुरूच्या हातून शिष्याच्या हाती जाई आणि खंडेनवमीला त्याची पूजा होई. शनिवारी लोखंड खरेदी करू नये असा लोकसंकेत आहे. शिंगणापूरच्या वाटेवर मात्र वाहनांची गर्दी नेमकी शनिवारीच! त्या दिवशी पाना मोडला तर कारागिराने संकेत पाळावा की गिऱ्हाईक, हा प्रश्नच आहे.

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहा हे प्रदूषणाचे निकष लागू झाले. बहुतेक दुचाकींतून कार्बोरेटर गेला. इंधन किती, केव्हा सोडायचे हे आता संगणकीय नियंत्रक ठरवतो आणि बिघाडाची नोंदही तोच करतो. मोटारीच्या स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्याला स्कॅनर जोडला की नोंदलेला संकेतांक दिसतो. ‘पी ०३००’ दिसला तर इंजिन ‘मिस’ होते आहे एवढे कळते. दोष प्लगचा, कॉइलचा की इंजेक्टरचा, हे शोधणे कारागिराच्या बुद्धीवरच राहते. स्कॅनर मिस्त्रीची जागा घेतो, हा समज त्यामुळे निराधार ठरतो.

असे संकेतांक वाचणारे साधे यंत्र हजार-दोन हजारांतही मिळते. मग अडचण कोठे आहे? अडचण वाचण्यात नाही, लिहिण्यात आहे. डिझेल इंजिनाचा इंजेक्टर बदलला की त्यावर छापलेला संकेतांक नियंत्रकाला कळवावा लागतो. तो कळविला नाही तर नवा सुटा भाग बसवूनही इंजिन नीट चालत नाही. धुराच्या नळीतील काजळीचा गाळक तुंबला तर ती काजळी जाळण्याची आज्ञा यंत्रातूनच द्यावी लागते. ही कामे करणारा, अनेक कंपन्यांच्या गाड्यांना चालणारा स्कॅनर घ्यायचा तर तीस-चाळीस हजारांपासून लाखाच्या पुढेपर्यंत रक्कम मोजावी लागते. शिवाय नव्या गाड्यांची माहिती हवी तर वर्गणी पुन्हा भरा! पाना एकदा घेतला की कारागिराचा होतो. स्कॅनर मात्र विकत घेऊनही अर्धा भाड्याचाच राहतो.

हा प्रश्न भारतीय स्पर्धा आयोगापुढे गेला होता. एका ग्राहकाने २०११ मध्ये तक्रार केली. चौकशीअंती २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि सुटे भाग, तसेच दोषनिदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना खुली करण्यास सांगितले. बौद्धिक संपदा आणि सुरक्षितता या कंपन्यांच्या सबबी आयोगाने मान्य केल्या नाहीत. पुढे अपिले झाली आणि डिसेंबर २०१६ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने काही कंपन्यांचा दंड घटविला. मूळ निष्कर्ष मात्र कायम ठेवला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात मतदारांनी २०१२ साली याच हक्काच्या बाजूने कौल दिला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ हे संकेतस्थळ सुरू केले. त्यात मोटारींचाही समावेश आहे. चोरी रोखणाऱ्या किल्लीची गुपिते सर्वांना देऊ नयेत, हे कंपन्यांचे म्हणणे रास्तच आहे. परंतु इंजेक्टरच्या संकेतांकात कोणते गुपित दडले आहे?

सप्टेंबर २०२३ मध्ये पंतप्रधान विश्वकर्मा योजना आली. अठरा पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांना अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांचे साहाय्य देणारी ही योजना स्वागतार्ह आहे. तिच्या यादीत कुलूप बनविणारा आहे. वाहन दुरुस्त करणारा नाही. लोहार आहे, पण लोहाराच्या नातवाने गॅरेज काढले तर तो यादीबाहेर! त्याला मुद्रा योजनेतून विनातारण कर्ज मिळू शकते. मात्र त्यावर व्याज आहे, आणि हप्ते फिटण्याआधीच यंत्र जुने होते.

यावर तोडगा या अहिल्यानगर जिल्ह्याला परका नाही. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, कारण एकट्या शेतकऱ्याला यंत्रे परवडणारी नव्हती. फाट्यावरच्या पाच-सहा गॅरेजांनी मिळून एक उत्तम स्कॅनर घेतला, वर्गणी वाटून भरली आणि यंत्र दिवसभर या गॅरेजातून त्या गॅरेजात फिरते ठेवले, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च एका चांगल्या हत्यारसंचाएवढा होईल. परवान्याच्या अटींत असे सामायिक वापरणे बसते का, हे खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.