जुन्या डिझेल गाडीचा टर्बो : दोष कोठे आणि तपास कसा

येवल्याच्या विंचूर चौफुलीवर दोन मोठे रस्ते एकमेकांस छेदतात. एक नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा, दुसरा मनमाडहून कोपरगावमार्गे अहिल्यानगरकडे. शिर्डीचे यात्रेकरू, पैठणीचे ग्राहक, बाजार समितीत कांदा घेऊन निघालेले शेतकरी यांच्या वाहनांची येथे सतत वर्दळ असते. या वाहनांत दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या डिझेल गाड्या अद्याप पुष्कळ आहेत. त्यांपैकी काही तर याच जिल्ह्यात तयार झालेल्या. महिंद्रची स्कॉर्पिओ २००२ मध्ये बाजारात आली ती नाशिकच्या कारखान्यातून. अशी एखादी गाडी एके दिवशी चांदवडजवळच्या राहूड घाटात ओढेनाशी होते, मागे काळ्या धुराचा लोट सोडते, आणि कोणीतरी लगेच सांगून मोकळे होते की, टर्बो गेला.

हे निदान खरे असू शकते. परंतु पुष्कळदा ते घाईचे असते. नवा टर्बो म्हणजे जुन्या गाडीच्या मालकास न पेलणारा खर्च. उलट फाटलेला रबरी होज किंवा तुंबलेला फिल्टर अल्प खर्चात बदलता येतो, आणि लक्षणे मात्र दोहोंची सारखीच दिसतात. म्हणून तपासाचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा, एवढे पथ्य गाडीच्या मालकाने पाळले तरी मोठे नुकसान टळते.

टर्बोचे कार्य मुळात साधे आहे. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त धुराच्या वेगावर एक पंखा फिरवावयाचा, त्याच्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा बसवून बाहेरची हवा दाबाने इंजिनात भरावयाची. हवा अधिक मिळाली की डिझेल अधिक जाळता येते आणि त्याच आकाराच्या इंजिनातून अधिक शक्ती निघते. प्रारंभी ही युक्ती जहाजांच्या व अन्य अवजड इंजिनांत वापरली गेली. डिझेल मोटारीत ती मर्सिडीज-बेंझने १९७८ मध्ये आणली. मोटारीच्या टर्बोचा शाफ्ट मिनिटास एक लाखाहून अधिक फेरे घेतो. इतक्या वेगात तो धातूवर धातू घासून टिकणे शक्यच नाही. तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. टर्बोचे आरोग्य हे मुख्यतः तेलाचे आरोग्य आहे, ते यामुळेच.

आता लक्षणांकडे वळू. धुराचा रंग हा पहिला साक्षीदार. मात्र त्याची साक्ष तपासून घ्यावी लागते. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. हवा कमी पडण्यास टर्बो कारण असेल, तसाच धुळीने भरलेला एअर फिल्टर किंवा गळका होजही असेल. डिझेल अधिक सोडणारा इंजेक्टरही काळाच धूर काढतो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. ते टर्बोच्या सीलमधून येत असेल किंवा झिजलेल्या पिस्टन रिंगांतून. पांढरा धूर बहुधा न जळलेल्या डिझेलचा किंवा इंजिनात शिरलेल्या पाण्याचा असतो, आणि तेथे टर्बोकडे बोट दाखविण्यापूर्वी इतर गोष्टी पाहाव्या लागतात. आवाजाचेही तसेच. टर्बोची बारीक शीळ स्वाभाविक आहे. ती वाढून भोंग्यासारखी झाली किंवा धातू घासल्याचा आवाज आला तर ते चिंतेचे. परंतु जोर दिल्यावर फुस्स असा हवेचा आवाज येत असेल, तर दोष बहुधा पाइपात आहे.

तपासाची सुरुवात एअर फिल्टरपासून करावी. येवला तालुका अवर्षणप्रवण. उन्हाळ्यात शेतरस्त्यांवरची धूळ फिल्टरमध्ये किती लवकर साठते हे तेथील वाहनचालकांस सांगावयास नको. फिल्टर जोरदार हवा मारून पुन्हा पुन्हा साफ करण्याची आपल्याकडील सवय मात्र घातक आहे. कागदास सूक्ष्म छिद्र पडले की तीच धूळ हवेकडील पंख्याची पाती खरवडून काढते. तुंबलेला फिल्टर आणखी एक घोटाळा करतो. त्याच्यामागे निर्वात निर्माण होऊन चांगल्या टर्बोच्या सीलमधूनही तेल ओढले जाते, आणि निर्दोष टर्बो दोषी ठरतो.

नंतर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तेथून इंजिनापर्यंत जाणारे सर्व होज हाताने दाबून, वाकवून पाहावेत. चीर अनेकदा खालच्या बाजूस, क्लिपजवळ असते आणि दाब आल्यावरच उघडते. जोडांवर साबणाचे पाणी लावून पाइपात बेताच्या दाबाची हवा सोडली की बुडबुडे जागा दाखवितात. पाइपात तेलाचा पातळ लेप आढळला तर घाबरण्याचे कारण नाही. इंजिनाच्या श्वासनळीतून येणारी तेलाची वाफ तेथे जमते. तेल साचून ओघळत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. याच वेळी डिझेल फिल्टर पाहून घ्यावा. तो तुंबल्यासही गाडी चढावर दम सोडते, पण तेव्हा काळा धूर सहसा नसतो. हा फरक लहान दिसला तरी उपयोगी आहे.

टर्बोच्या बाजूस बशीसारखी डबी आणि तिला जोडलेली सळई असते. हवेचा दाब मर्यादेत ठेवणारा हा अ‍ॅक्च्युएटर काही गाड्यांत दाबावर, काहींत निर्वातावर चालतो. त्याची बारीक नळी तडकली किंवा सळई काजळीने जाम झाली, तर टर्बो उत्तम असूनही गाडी मरगळते. नळी काही रुपयांची असते!

एवढे झाल्यावर टर्बो पाहावा, तोही इंजिन बंद आणि पूर्ण थंड असताना. हवेकडील पाइप काढून पंखा बोटाने फिरवावा. तो सहज फिरला पाहिजे. शाफ्ट आडवा किंचित हलतो, कारण तेलाच्या थरासाठी जागा ठेवलेली असते. त्यावरून टर्बो बाद ठरवू नये. परंतु आत-बाहेर स्पष्ट हालचाल जाणवली, पाती घरास घासल्याच्या खुणा दिसल्या किंवा पात्यांच्या कडा खाल्लेल्या असल्या, तर टर्बो खरोखरच गेला आहे. धूर निळा असेल तर निकाल देण्यापूर्वी चालू इंजिनाच्या ऑइल भरण्याच्या झाकणातून वाफेचे जोरदार झोत येतात का तेही पाहावे. येत असतील तर रिंगा झिजल्या आहेत, आणि नवा टर्बो बसवूनही धूर थांबणार नाही.

ऑइल झपाट्याने कमी होत असेल व निळा धूर दाट असेल, तर गाडी पुढे हाकू नये. टर्बोतून आत शिरलेल्या ऑइलवरच डिझेल इंजिन पळू लागते. किल्ली बंद केली तरी थांबत नाही, वेग वाढतच जातो. अशा वेळी हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन बंद पडते. ते जमले नाही तर माणसांनी गाडीपासून दूर व्हावे. हवेच्या तोंडावर हात ठेवण्याचे धाडस कोणीही करू नये. रुग्ण किंवा शाळेची मुले घेऊन निघालेल्या गाडीच्या चालकास एवढी माहिती असलीच पाहिजे.

टर्बो बदलावाच लागला तर खर्चाचा हिशेब गाडीच्या वयाशी मांडावा. खाजगी मोटारीस पंधरा वर्षांनंतर तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. शासकीय मालकीच्या पंधरा वर्षांवरील वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द करण्याचा नियम झाला आहे. धुराच्या चाचणीत गाडी नापास झाली म्हणून टर्बो बदलला आणि पुढे नूतनीकरणाच्या वेळी इंजिनच उतरवावे लागले, तर पहिला खर्च वाया जातो.

बदलण्यापूर्वी जुना का गेला हे शोधणे आवश्यक आहे. तेलाची येणारी नळी काजळून बारीक झाली असेल, परतीची नळी तुंबली असेल, किंवा तुटलेल्या पात्याचे तुकडे इंटरकूलरमध्ये पडून असतील, तर नवा टर्बोही लवकरच त्याच वाटेने जातो. नळ्या बदलून किंवा साफ करून, इंटरकूलर धुऊन, नवे ऑइल व ऑइल फिल्टर घालावे. नव्या टर्बोच्या तेलाच्या छिद्रात स्वच्छ ऑइल ओतावे, डिझेलचा पुरवठा तोडून स्टार्टरने इंजिन थोडा वेळ फिरवावे आणि तेलाचा दाब आल्यावरच ते सुरू करावे. पहिली काही मिनिटे रेस देऊ नये.